नवा कोयता

नवा कोयता हातात आला की बहुतेक लोक आधी धारेवरून अंगठा फिरवतात. मी तो आधी पाठीकडून बघतो. धार कुणीही करून देतं. फिरत्या चाकावर थोडा वेळ धरला तर साध्या पत्र्यालाही धार चढते आणि चार घावांत उतरतेही. पाठ तशी फसवी नसते. मुठीपाशी ती किती जाड ठेवली आहे, चोचीकडे जाताना कुठून निमुळती होत गेली आहे, मध्येच हातोडा चुकून खोलगट झाली आहे का, डोळ्यासमोर आडवी धरली तर एका रेषेत आहे की कुठे मुरडली आहे, हे सगळं पाठीवर उघडं असतं. लाकडात शिरते ती धार, पण तिच्यामागचा जोर पाठीचा असतो.

यंदा माघात मी नवा कोयता करून घेतला. लांज्याच्या दक्षिणेला आमची थोडी बाग आहे. काजू, काही आंबे, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला माणग्याची बेटं, घरामागे नारळ. जुना कोयता वडिलांच्या वेळचा. वर्षानुवर्षं दगडावर घासून घासून त्याचं पातं अर्ध्यावर आलं आहे. झावळ्या तोडायला, शहाळं तासायला तो अजून चालतो, पण मनगटाएवढी फांदी आली की कमी पडतो. नवा हातात घेतला तेव्हा पहिली जाणीव झाली ती वजनाची. काट्यावर ते आठशे ग्रॅमच्या आसपास भरलं. हात लांब करून नुसता धरला तर तो त्याहून जड वाटतो. खांद्यावरून खाली आणला तर हलका. पात्याचं पोट मुठीपासून दूर, पुढच्या बाजूला रुंद आहे आणि बरंचसं वजन तिथे ठेवलं आहे, म्हणून असं होतं. हाताने फक्त दिशा द्यायची. खाली येताना कोयता स्वतःच वेग घेतो.

दुसरी गोष्ट दिसली ती त्याचा रंग. भट्टीतून निघालेल्या लोखंडावर एक निळसर काळी पापडी धरते. लोहाराने ती घासून काढली नव्हती. धारेच्या पट्टीवर फक्त कानस फिरली होती, तेवढी पट्टी पांढरी चकचकीत, बाकी पातं काळं. त्या काळ्या अंगावर हातोडीच्या खुणा उन्हात एकेक करून मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. ही पापडी गंजापासून थोडंफार संरक्षण देते, म्हणून ती राहू द्यावी, असं जुने लोक सांगतात आणि ते खरं आहे. वासही होता. दगडी कोळशाचा, जळक्या तेलाचा आणि मुठीच्या नव्या लाकडाचा. मूठ किंजळीची. किंजळ आमच्याकडचं घट्ट रेषांचं, चिवट लाकूड, घाव सोसणारं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं बसवलं आहे, म्हणजे लाकूड चिरत नाही. पात्याची शेपटी मुठीतून आरपार नेऊन मागे ठोकून बसवली आहे. कोयता विकत घेताना ही मागची बाजू नक्की बघावी. शेपटी अर्ध्यातच संपली असेल, तर ओल्या हाताने जोरात घाव घालताना पातं मुठीतून निसटून जायची भीती असते.

हा कोयता एका ट्रकच्या कमानपाट्यातून झाला आहे. पाटा म्हणजे चाकांवर ट्रकचा भार पेलणारी वाकडी पट्टी. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ती वाकते आणि पुन्हा सरळ होते; लाखो वेळा वाकूनही तुटू नये, यासाठीच तिचं पोलाद घडवलेलं असतं. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान, बहुधा ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि प्रकारानुसार सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियमची जोड असते. आकडा छोटा दिसतो, पण सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. साध्या बांधकामाच्या लोखंडात कार्बन याच्या निम्म्याहून कमी असतो. ते कितीही तापवा, कितीही पाण्यात बुडवा, त्याला धारेपुरता कडकपणा येत नाही. बाजारात रंग लावून टांगलेले स्वस्त कोयते पुष्कळदा अशाच पत्र्याचे असतात आणि पहिल्याच सुक्या लाकडावर त्यांची धार कागदासारखी दुमडते. तुटलेला पाटा भंगारात जातो तेव्हा ट्रकसाठी त्याचं आयुष्य संपलेलं असतं. लोहारासाठी तो पहिल्या प्रतीचा माल असतो. आमच्या भागातले जवळजवळ सगळे चांगले कोयते, कुऱ्हाडी, पहारींची टोकं गेल्या दोन-तीन पिढ्या गाड्यांच्या सुट्या भागांतूनच आली आहेत.

कोयता सांगायला गेलो तेव्हा लोहारकाकांनी आधी किंमत सांगितली नाही, नमुनाही दाखवला नाही. विचारलं, "काम काय करणार त्याच्यानं?" मी सांगत गेलो. बाग बेणायची, कवळ तोडायची, वईचं कुंपण घालायचं, माणगा तोडायचा.

"उभ्यानं जास्त, की बसून?"

"उभ्यानंच जास्त."

"घरात दुसरं कोण वापरणार?"

म्हटलं, आमची मंडळीही वापरतात. फाटी तोडायची असली की कोयता त्यांच्याच हातात असतो. मग त्यांनी भिंतीवरचा एक जुना कोयता काढून माझ्या हातात दिला आणि हवेत चालवून दाखवायला सांगितला. ते कोयत्याकडे बघत नव्हते, माझ्या मनगटाकडे बघत होते. हात कुठे थांबतो, मनगट कधी वळतं, खांदा किती वर जातो. शेवटी माझा पंजा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "एक बोट आखूड करतो. लांब केला तर दुपारनंतर हात भरून येईल, आणि त्यांनाही जड जाईल."

नव्या वस्तूबद्दल पहिलं मत कसं बनतं, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. दुकानात आपण वस्तूला प्रश्न विचारतो. टिकेल का, कितीला, कशाची आहे. इथे वस्तू तयार होण्याआधी मला प्रश्न विचारले गेले होते. नवा कोयता हातात आल्यावर तो ओळखीचा वाटला, कारण त्याची लांबी, वजन आणि मूठ ही माझ्याच उत्तरांवरून ठरली होती.

लोहाराचं घर उजेडाचं असलं तरी भट्टीची जागा अंधारीच ठेवलेली असते. लोखंड किती तापलं हे तो रंगावरून ओळखतो आणि उन्हात तो रंग नीट दिसत नाही. पूर्वी चामड्याचा भाता असायचा, आता विजेचा छोटा पंखा फुंकर घालतो. बाकी ऐरण, घण, सांडशी सगळं तेच. पाटा लाल झाला की एकाने सांडशीत धरायचा, दुसऱ्याने घण घालायचा. धरणारा हातातल्या छोट्या हातोडीने जागा दाखवतो, घण नेमका तिथे पडतो. बोलणं जवळजवळ नसतं. देशावर घिसाडी कुटुंबं रस्त्याकडेला पाल ठोकून हेच काम करतात आणि तिथे घण बहुधा घरातल्या बाईच्या हातात असतो. ज्याने हे एकदा नीट पाहिलं आहे, तो लोखंडी अवजाराच्या किमतीवर घासाघीस करणार नाही.

आकार आला, कानशीने धार काढली, की खरं कसब सुरू होतं. पाणी देणं. पातं पुन्हा तापवतात, पिकल्या चेरीसारखं तांबडं. या उष्णतेला पोलादाला चुंबकही चिकटत नाही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड तो गुण सोडतं आणि पाणी द्यायला त्याच्याही थोडं वर जावं लागतं. मग फक्त धारेची बाजू पाण्यात उतरवायची, पाठ बाहेर. एका क्षणात धार काचेसारखी कडक होते आणि तितकीच ठिसूळही. तशीच ठेवली तर पहिल्या गाठीवर तिचा टवका उडेल. म्हणून पातं लगेच बाहेर काढून धारेवरून दगडाचा तुकडा फिरवतात, म्हणजे पांढरं लोखंड दिसतं, आणि वाट बघतात. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. पांढऱ्या पट्टीवर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २३० अंशांना, निळा ३०० च्या जवळपास. हे सगळं मिनिटभराच्या आत घडतं. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबवतील. घाव घालायच्या अवजाराला त्याच्या पुढे जाऊ द्यावं लागतं. माझ्या कोयत्याच्या धारेवर तपकिरी रंगात जांभळी झाक आली, तेव्हा काकांनी तो दुसऱ्यांदा पाण्यात घातला. त्यांच्याजवळ तापमापक नाही, घड्याळ नाही. आयुष्यभर त्या रंगांकडे बघितलेले डोळे आहेत.

यामुळे एकाच पात्यात दोन स्वभाव नांदतात. धार कडक, पाठ नरम. धार कापते आणि पाठ तो धक्का पोटात घेते. कारखान्यातही हे करता येतं, तिथे ते मोजून, मापून, हजारो नगांवर एकसारखं करतात. मला त्या कामाबद्दलही आदर आहे. पण एका माणसाने एका पात्याकडे बघत, नेमक्या क्षणी हात खाली नेणं, हे पाहिल्यावर आपल्या हातातल्या वस्तूत कुणाचं तरी लक्ष साठलेलं आहे असं जाणवतं आणि ती वापरताना आपलंही लक्ष वाढतं.

नवा कोयता पहिल्यांदा चालवला तो करवंदीच्या जाळीवर. कोयत्याचं टोक पुढे आत वळलेलं का असतं, हे जाळीत हात घातल्याशिवाय कळत नाही. करवंदीचा काटा जोडीने येतो, टोकदार आणि टणक. फांदी हाताने धरता येत नाही. कोयत्याच्या चोचीने ती आपल्याकडे ओढायची, ताणली गेली की त्याच चोचीच्या मागच्या पोटाने बुंध्याशी छाटायची आणि चोचीनेच बाजूला टाकायची. बोटं काट्यापासून हातभर लांब राहतात. गिर्यारोहणाच्या दुकानांत जाड, सरळ पात्याचे परदेशी सुरे मिळतात. मी ते हाताळले आहेत. उत्तम पोलाद, घट्ट म्यान, ओल्या हातातही न सरकणारी मूठ. दोर कापायला, तंबूच्या खुंट्या तासायला, स्वयंपाकाला ते सरस आहेत. स्वीडनमधल्या मोरा गावचे आखूड, सरळ पात्याचे सुरे तर लाकूड कोरण्यासाठी जगभर नावाजलेले आहेत आणि बर्चच्या जंगलात राहणाऱ्या, हिवाळा घरात काढून लाकडी वस्तू करणाऱ्या लोकांनी तसा सुरा घडवला, हे अगदी स्वाभाविक आहे. पण पाच-सहा इंचांचं सरळ पातं घेऊन करवंदीत शिरलं तर हातही त्याच्यासोबत जाळीत जातो. चांगला सुरा कोणता, या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नसतं. कुठल्या रानात, कुठल्या झाडावर, कुणाच्या हातात, हे आधी सांगावं लागतं.

दाट झाडीच्या मुलखांनी आपापली उत्तरं काढली आहेत आणि ती एकमेकांच्या किती जवळची आहेत ते बघण्यासारखं आहे. नेपाळची खुकरी पुढे वाकलेली, वजन पुढच्या पोटात. कोडगूची ओडिकत्ती रुंद, वळलेली. ती पाठीमागे तोडंग नावाच्या पितळी अडकवणीत उघडीच खोचतात. नागा लोकांचा दाव लाकडी खोबणीत पाठीवर. आणि आमच्याकडे कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला बांधलेली आकडी, तिच्यात कोयता. यांतली बरीच पाती मागे खोचतात, कारण सगळीकडे माणसाला चढायचं आहे, झुडपांतून वाट काढायची आहे, दोन्ही हात मोकळे हवे आहेत. कवळ तोडणाऱ्याला तर ऐनावर, किंजळीवर उंच चढावं लागतं. आकडी नसेल तर हे काम होणार नाही. नव्या कोयत्यासोबत मी नवी आकडीही घेतली. चालताना तो मागे मांडीला हलका लागत राहतो. पहिले काही दिवस ते जाणवतं, मग त्याच्याशिवाय बागेत गेलं की चुकल्यासारखं वाटतं.

कवळ तोडणं हे कोयत्याच्या परीक्षेचं काम. भाताच्या रोपांचा तरवा जिथे करायचा ती जमीन पावसाआधी भाजतात. तिच्यावर शेण, तोडून वाळवलेले टहाळ, पातेरा अंथरून पेटवतात. त्यासाठीची कवळ म्हणजे झाडाच्या फांद्या तोडायच्या, पण शेंडा आणि मुख्य खोड राखायचं, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. घाव फांदीला आडवा घातला तर पातं रुततं आणि हाताला झिणझिण्या येतात. तिरका, रेषा धरून घातला तर तेच पातं दुप्पट आत जातं. जाड फांदीला आधी खालून एक घाव द्यायचा, मग वरून. नाहीतर ती मोडून पडताना खोडाची साल ओरबाडत नेते आणि त्या जखमेतून झाड कुजतं. नव्या कोयत्याची नेमकी जागा शोधायला थोडा वेळ लागला. प्रत्येक पात्यावर एक जागा असते, तिथे घाव बसला तर हाताला धक्का अजिबात येत नाही, आवाजही वेगळा येतो, आखूड आणि भरीव. माझ्या कोयत्याची ती जागा पोटाच्या रुंद भागापासून दोन बोटं मागे आहे. ती सापडली की थकवा अर्ध्यावर येतो.

माणग्याने त्याची धार तपासली. माणगा आमच्या कोकणातला बांबू, भिंतीला इतका जाड की जवळजवळ भरीवच. बांबूच्या सालीत सिलिका असते, वाळूत असते तीच. त्यामुळे ती धारेला झिजवते. बेटातली जुनी, पक्व काठी निवडायची, आतला कोवळा कोंब राखायचा आणि जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर तोडायचं. पेराच्या वर नळी शिल्लक ठेवली तर तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि बेट कुजू लागतं. बेटातल्या अडचणीत लांब पातं फिरत नाही. काकांनी आखूड केलेलं ते एक बोट तिथे उपयोगी पडलं. काम संपल्यावर धार उजेडाकडे धरून बघितली. बोथट झालेली जागा चमकते, तीक्ष्ण जागा दिसतच नाही. दोन ठिकाणी बारीक चमक होती. टवका कुठेही नव्हता, दुमड कुठेही नव्हती. निसण्याच्या दगडावर पाणी शिंपडून थोडा वेळ घासल्यावर ती चमकही गेली. पाणी बरोबर बसलं आहे, याहून मोठी पावती नाही.

मूठ मागच्या टोकाला मला किंचित जाड वाटते. ते मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मुद्दाम ठेवलीय. काढता येतं, घालता येत नाही. पावसापर्यंत वापर, मग तुझी तू तास." या उत्तरात त्यांच्या धंद्याची सगळी शिस्त आहे. काम पूर्ण करून द्यायचं, पण शेवटची थोडी जागा वापरणाऱ्याच्या हातासाठी सोडायची.

चोच मात्र नाजूक कामाला जड आहे. कलमाची काडी कापायला, दोरी सोडवायला हा कोयता नाही. त्यासाठी खिशात छोटा चाकू ठेवावा लागतो. ऐनाची साल तोडल्यावर पात्यावर निळसर काळे डाग पडले. सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून हा रंग करतं. फणसाचा चीक तर खोबरेल लावल्याशिवाय निघत नाही. ज्यांना चकचकीत पातं हवं असतं, त्यांना हे रुचणार नाही. न गंजणाऱ्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, कमानपाट्यात त्याचा फार तर एखादा टक्का. त्यामुळे कोकणातल्या पावसात हा कोयता ओला ठेवला तर रातोरात तांबेरतो. रोज पुसायचा, खोबरेलाचा बोळा फिरवायचा, चुलीपासून फार लांब नाही अशा कोरड्या जागी टांगायचा. एवढी देखभाल मागणारी वस्तू आपण नीट सांभाळतो आणि म्हणून ती मुलांच्या हाती जाईपर्यंत टिकते. आमच्याकडे कोयता एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. खाली ठेवतात, दुसऱ्याने उचलायचा. या रीतीमागे माणसाच्या बोटांची काळजी आहे आणि मी ती माझ्या मुलांना आवर्जून शिकवतो. तसंच, तोडलेल्या रोपाचा बुंधा टोकदार ठेवायचा नाही, हेही. त्या वाटेने उद्या कुणीतरी अनवाणी जाणार असतं.

नवा कोयता पोत्यात गुंडाळून मी एसटीने घरी आणला, तेव्हा शेजारच्या प्रवाशाने विचारलं, आत काय आहे. सांगितल्यावर तो थोडा सरकून बसला. मला वाईट वाटलं. त्याची चूक नाही. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांतून 'कोयता गँग' हे शब्द इतक्यांदा कानावर पडले आहेत की शहरातल्या माणसाच्या मनात कोयता म्हटलं की दहशत येते. ज्यांनी तो लोकांवर उगारला, त्यांना कठोर शिक्षा व्हायलाच हवी. पण या अवजाराची ओळख तेवढ्यावर ठरू नये, असं मला मनापासून वाटतं. १९५९ चा शस्त्र कायदाही केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंना शस्त्रांच्या व्याख्येतून बाहेर ठेवतो. शेताबाहेर नेताना तो गुंडाळून, बांधून न्यावा, कुणाला भीती वाटेल असा मिरवू नये, एवढी जबाबदारी आपली.

आणि कोयता म्हटल्यावर आधी डोळ्यांपुढे यायला हवेत ते बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरकडून दर वर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारे लोक. त्यांचा कोयता वेगळा, हलका, पातळ पात्याचा. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यामागे. दिवाळीच्या सुमारास निघालेली ही माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात; पाचटाच्या धारदार पात्यांत त्यांचे हात सोलतात, लेकरांची शाळा तुटते. आपल्या चहातली साखर त्यांच्या कोयत्यावरून आलेली असते. माणूस अवजाराच्या नावाने मोजला जातो तेव्हा त्याच्या श्रमाची किंमत नीट मोजली जाते आहे का, हे विचारणं आपलं कर्तव्य आहे. मी माझ्या बागेत सकाळी दोन-तीन तास कोयता चालवतो आणि खांदा भरून येतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तो चालवणाऱ्याबद्दल माझ्या मनातला आदर या नव्या कोयत्याने अधिक खोल केला आहे.

खंडेनवमीला आम्ही विळे, कोयते, कुऱ्हाडी धुऊन, पुसून, झेंडूची फुलं वाहून पाटावर मांडतो. पूजा अवजाराची होते. ते घडवणाऱ्याची मात्र आपल्याला त्या दिवशीही आठवण येत नाही. बारा बलुत्यांत लोहाराला मानाचं स्थान होतं, कारण त्याच्याशिवाय नांगर चालत नव्हता. आता नांगराऐवजी पॉवर टिलर, कोयत्याऐवजी ग्रासकटर आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाग बेणायला यंत्र आलं, हे बरंच झालं. पण बेटात, झाडावर, वईवर यंत्र चालत नाही. तिथे कोयताच लागतो आणि तो चांगला लागतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय धरले आहेत, त्यांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आणि कर्जाची सोय आहे. ही मदत त्यांच्यापर्यंत पोचायला हवी. तरी भट्टी अनुदानावर पेटती राहत नाही, गिऱ्हाइकावर राहते. काकांचा मुलगा मुंबईला आहे. घण घालायला आता शेजारचा एक तरुण येतो, तोही रोज नाही. पोलादाच्या रंगाचं जे ज्ञान त्या अंधाऱ्या खोलीत आहे, ते पुस्तकातल्या अंशांच्या आकड्यांतून पूर्ण उतरवून घेता येत नाही. ते शेजारी उभं राहूनच मिळतं आणि शेजारी उभं राहायला कुणी हवं असेल, तर त्या कामाला रोज मागणी हवी.

आता माझं मत. ज्याला सह्याद्रीच्या कुशीत, कोकणात राहायचं आहे, झाडं राखायची आहेत, रान साफ ठेवायचं आहे, त्याच्यासाठी स्थानिक लोहाराने पाट्यातून घडवलेल्या कोयत्याइतकं भक्कम पातं दुसरं नाही. बाजारातल्या रंगवलेल्या कोयत्यापेक्षा त्याची किंमत थोडी जास्त असेल, पण तो तुमच्या पुढच्या पिढीलाही पुरेल. तुमच्या गावात किंवा जवळच्या बाजारपेठेत अजून एखादी भट्टी पेटती असेल, तर या वर्षीचा विळा, कोयता, कुऱ्हाड तिथेच सांगा. काम काय आहे ते नीट समजावून सांगा, घरात कोण वापरणार तेही सांगा आणि तो जी किंमत म्हणेल ती पूर्ण द्या.